व्हायटल: फुकटातला सिंथ, आणि त्याचा कोणता नॉब नेमकं काय करतो

सॉफ्टवेअर सिंथवर, म्हणजे संगणकात आवाज घडवणाऱ्या वाद्यावर, हात बसवायचा असेल तर सध्या व्हायटलइतका सोयीचा दुसरा नाही. मॅट टायटेलने तो नोव्हेंबर २०२० मध्ये आणला. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. फुकट आवृत्तीत इंजिन पूर्ण मिळतं. कात्री लागते ती तयार मालाला: ७५ प्रीसेट (तयार आवाज) आणि २५ वेव्हटेबल (लाटांचे तयार संच) एवढेच मिळतात. पैसे भरले की हे आकडे वाढतात, नॉब वाढत नाहीत. शिकणाऱ्याने त्यामुळे पाकिटाला हात लावायची गरज नाही.

खरी जमेची बाजू पडद्यावर आहे. एखाद्या नॉबला एलएफओ, म्हणजे नॉब आपोआप हेलकावत ठेवणारी संथ लाट, जोडला की त्याभोवती कडं उमटतं आणि किंमत कुठून कुठवर हलतेय ते आवाज चालू असतानाच दिसतं. पण तयार प्रीसेट उघडून शिकायला बसू नका. त्यांत एकेका नॉबला तीन-तीन गोष्टी जोडलेल्या असतात. काय कशामुळे होतंय याचा पत्ता लागत नाही. मेन्यूतून ‘इनिशियलाइज प्रीसेट’ निवडा. एकच ऑसिलेटर (मूळ लाट काढणारा भाग), साधी सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारखी लाट), बाकी सगळं बंद. इथून एकेक बटण चालू करत जायचं.

आधी फिल्टर, म्हणजे आवाजाची चाळणी. तो चालू करून कटऑफ (गाळणं जिथून सुरू होतं ती हद्द) खाली आणा, आवाजाची धार जाते. कटऑफचा आकडा इथे हर्ट्झमध्ये नसून सेमीटोनमध्ये (लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) असतो, आणि हे सोयीचंच आहे: ६० म्हणजे मधला सी, साधारण २६२ हर्ट्झ, पुढे दर १२ ला दुप्पट. म्हणजे ७२ वर ५२३, ८४ वर १०४७. वरच्या पट्ट्या दाबल्यावर आवाज बोथट होत असेल तर की-ट्रॅक वाढवा, मग पट्टीबरोबर कटऑफही सरकतो. रेझोनन्स कटऑफच्या जागी उंचवटा उभा करतो. तो चढवताना लेव्हल खाली घ्या, कानात शिट्टी घुसते. कटऑफ फिरवूनही काहीच बदलत नसेल तर दोन शक्यता: फिल्टरचं बटण बंद आहे, नाहीतर ऑसिलेटरची वाट दुसऱ्या फिल्टरकडे किंवा थेट इफेक्टकडे लावलेली आहे. ऑसिलेटरच्या चौकटीतच ती वाट निवडता येते, आणि दुसरा-तिसरा ऑसिलेटर चालू करताना ती तपासायचं हमखास राहून जातं.

एन्व्हलप म्हणजे पट्टी दाबल्यापासून स्वर विरेपर्यंतचा चढउतार. त्यात सर्वांत जास्त गोंधळ सस्टेनचा होतो. अटॅक (चढायला), डिके (उतरायला), रिलीज (पट्टी सोडल्यावर विरायला) हे वेळ आहेत. सस्टेन ही पातळी आहे, पट्टी दाबून धरल्यावर आवाज जिथे येऊन थांबतो ती. व्हायटलने यात डिले आणि होल्ड अशी आणखी दोन वेळांची भर घातली आहे. पहिला एन्व्हलप कायम आवाजाच्या पातळीला बांधलेला असतो. छेडलेल्या तारेसारखा स्वर हवा असेल तर सस्टेन शून्य, डिके अर्धा सेकंद, रिलीज ०.३ च्या आसपास. अटॅक अगदी शून्यावर असेल आणि सुरुवातीला ‘टक’ ऐकू येत असेल तर ५ ते १० मिलिसेकंद द्या. शेवटी ‘टक’ येत असेल तर रिलीज वाढवा. लाट मधेच कापली जाते म्हणून हा आवाज येतो.

आता दुसरा एन्व्हलप माउसने उचलून कटऑफवर टाका. इथे नवशिके हमखास अडकतात: कटऑफ आधीच पार वर चढवलेला असेल तर त्यात आणखी भर घालायला जागाच उरत नाही आणि ‘मॉड्युलेशन (ही जोडणी) चालत नाही’ अशी तक्रार होते. कटऑफ आधी ४० पर्यंत उतरवा, मग जोडणीचा आकडा वाढवत न्या. एलएफओला उलटी अडचण येते. व्हायब्रेटोसाठी तो ट्यूनला जोडला आणि जोडणी एकाच बाजूची राहिली, तर स्वर फक्त वरच जातो आणि सगळं वाद्य चढं वाजतं. जोडणीवर राइट क्लिक करून बायपोलर (दोन्ही बाजूंची) करा. वेग टेंपोऐवजी सेकंदांवर आणून ०.१८ ठेवला की सेकंदाला साधारण साडेपाच हेलकावे मिळतात. नॉब बिघडवून ठेवलाच तर डबल क्लिक. मूळ किमतीवर येतो.

युनिझन हा मोहाचा नॉब आहे. एका स्वराच्या १६ पर्यंत प्रती करतो आणि डिट्यूनने त्या थोड्या थोड्या बाजूला सरकवतो. लीडला झकास, बेसला घातक. ४४० हर्ट्झच्या दोन प्रतींत १० सेंटचा (सेमीटोनचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) फरक ठेवला तर सेकंदाला साधारण अडीच ठोके (आवाजाचे चढउतार) पडतात आणि आवाज भरीव वाटतो. तोच फरक ५५ हर्ट्झवर ठेवला तर एक ठोका तीन सेकंदांहून जास्त लांबतो, म्हणजे बेस मधेच गायब होतो आणि परत येतो. खालच्या स्वरांना युनिझन एकच ठेवा. फेज (लाट कुठून सुरू होते ती जागा) या नॉबशेजारचा रँडमनेसही शून्यावर आणा. तो सुरुवातीला पूर्ण वर असतो, म्हणून प्रत्येक स्वराची सुरुवात वेगळी लागते.

लॅपटॉप धापा टाकतो तोही बहुधा इथेच. तीन ऑसिलेटर, प्रत्येकी १६ प्रती आणि आठ स्वर एकदम: ३८४ लाटा. आवाज फाटायला लागला तर युनिझन चारवर आणा, व्हॉइस (एकदम वाजू शकणारे स्वर) कमी करा, अ‍ॅडव्हान्स्ड पानावरचं ओव्हरसँपलिंग (आवाजाचं जादा बारीक गणित) उतरवा. शंभर वेळा बफर (संगणक आवाज आधी साठवतो तो तुकडा) बदलण्यापेक्षा हे आधी करून पाहावं.

वेव्हटेबल आणि त्यावरचे स्पेक्ट्रल (लाटेतले घटक-स्वर बदलणारे) प्रकार ही व्हायटलची खास मिरासदारी, पण पहिल्या आठवड्यात तिकडे फिरकू नये. इफेक्टही तसेच. रिव्हर्बखाली (घुमाऱ्याखाली) कच्चा आवाज झाकला जातो आणि कान तयार होत नाही.

आपल्या गाण्या-वाजवण्यासाठी दोन गोष्टी मात्र जरूर बघा. मींड हवी असेल तर व्हॉइस एक, लेगाटो (स्वर जोडून वाजवणं) चालू, ग्लाइड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरायचा वेळ) ०.१५ सेकंदापासून. ग्लाइड फक्त दोन पट्ट्या एकमेकींवर चढल्या तरच लागतो. पहिली सोडून दुसरी दाबली की स्वर थेट उडी मारतो. दरवेळी घसरत जायला हवा असेल तर ‘ऑल्वेज ग्लाइड’ आहे, पण त्याने सगळंच लोळतं. ठरावीक जागीच मींड घ्यायची सोय पहिल्याच पद्धतीत आहे.

दुसरी गोष्ट ट्यूनिंगची. व्हायटल एससीएल फाइल उघडतो. साधी मजकुराची फाइल असते, त्यात प्रत्येक स्वराचं गुणोत्तर लिहायचं. शुद्ध गंधाराला ५/४ लिहिलं की तो ४०० सेंटांऐवजी ३८६ वर बसतो, आणि तानपुऱ्याबरोबर हा फरक लगेच कळतो. मेख अशी की नुसत्या एससीएलने सा पांढरी एकवरच धरला जातो. पट्टी काळी एक असेल तर सा कुठल्या पट्टीवर ते सांगणारी केबीएम फाइलही जोडावी लागते, नाहीतर सगळी गुणोत्तरं भलत्याच स्वरांना चिकटतात आणि गाणाऱ्याला वाटतं सिंथच बेसूर आहे.

उणं काय, तर नॉबांवरच्या नावांपलीकडे सिंथ स्वतः फारसं काही समजावत नाही, अक्षरं बारीक आहेत आणि हलती चित्रं जुन्या ग्राफिक्सवर अडखळतात. अक्षरांसाठी खिडकीचा आकार वाढवता येतो.