सिल्क टॅसल: 14 महिन्यांनंतरचा अनुभव

आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. बॅकयार्डच्या कुंपणापाशी हिवाळ्यातही हिरवं, बघण्यासारखं काहीतरी हवं होतं म्हणून सिल्क टॅसल लावलं, नर्सरीत पाटीवर गॅरिया एलिप्टिका लिहिलेलं असतं तेच. अस्सल इकडचं झुडूप, कॅलिफोर्निया-ऑरेगॉनच्या किनारपट्टीचं. खरं तर हे माझं दुसरं, पहिलं मेलं, आणि ते कसं मेलं ते आधी सांगतो.

पहिलं लावलं एप्रिलमध्ये. त्या उन्हाळ्यात आई पुण्याहून आली होती, तिने बघितलं वर ऊन रणरणतंय खाली माती कोरडी, मग काय, रोज संध्याकाळी तुळशीला पाणी घातलं की याच्याही आळ्यात बादलीभर. मीही काही बोललो नाही, उन्हाळ्यात झाडाला पाणी घालू नये हे आपल्या डोक्यात येतं तरी का? पण इथला पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा ठणठणीत कोरडा, आणि हे झुडूप त्याच हिशोबाचं. त्यात आमची माती चिकण, निचरा नाही. ऑगस्टमध्ये पानं काळी पडायला लागली, सप्टेंबरात उपटलं तर मुळं लिबलिबीत.

दुसरं नोव्हेंबरात, पहिल्या पावसानंतर, मातीचा फूटभर उंचवटा करून त्यावर लावलं. खत शून्य. पहिला उन्हाळा पंधरा दिवसांतून एकदा सावकाश भरपूर पाणी, बस. फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "अरे उपाशी मारतोस की काय त्याला!"

घेताना एक नक्की बघा. यात नर-मादी झाडं वेगळी असतात आणि फुलांचे लांब, लोंबते तुरे नराला येतात. मादीचे आखूड, पण जवळपास नर असेल तर तिला नंतर जांभळट फळांचे घोस लागतात, पक्षी खातात. बियांचं रोप घेतलंत तर फुलेपर्यंत कळणार नाही काय निघालं ते. मी 'जेम्स रूफ' घेतलं, ती कलमाने वाढवलेली नर जात, तुरे फूटभरही होतात. हे रूफ बर्कलीजवळच्या टिल्डन पार्कमधल्या बोटॅनिक गार्डनचे डायरेक्टर होते.

आता तुरे! पहिल्या हिवाळ्यात जेमतेम दोन-तीन. या वेळी मात्र सप्टेंबरातच फांद्यांच्या टोकांना कडक, हिरवट करड्या कळ्या, अगदी मसाल्यातल्या पिंपळीसारख्या. दोन महिने तशाच होत्या, मला वाटलं अडकलं. डिसेंबरात सैल पडून लोंबायला लागल्या, आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत आठ इंची, चंदेरी, किंचित जांभळट झाक. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "अगं बाई, याला तर मुंडावळ्या बांधल्यात!" तेव्हापासून घरात त्याचं नाव नवरदेव.

वास वगैरे काही नाही, परागीकरण वाऱ्यावर, धक्का लागला की पिवळी पूड उडते. दुपारचं पश्चिमेचं ऊन लागतं त्या बाजूची पानं कडेने करपलीत, जमलं तर सावली द्या. आणि तुरे वाळले की तपकिरी होऊन उन्हाळ्यापर्यंत लोंबतच राहतात, बायकोला ते कळकट वाटतं, मला चालतं. छाटायचं तर फुलून झाल्यावर लगेच, ऑक्टोबरात हात कितीही शिवशिवले तरी नको, पुढचे तुरेच कापाल. जागाही सोडा, आठ-दहा फूट सहज होतं, माझं आत्ता छातीएवढं आहे.

आई जूनमध्ये परत येतेय. होज कुठे लपवायचा ते ठरवतोय.