बिल्डरकडून बांधून घेतलेला फूटपाथ: आठ महिने वापरल्यानंतर

आमच्या रस्त्यावरच्या नव्या इमारतीला बांधकाम परवानगी मिळाली तेव्हाच तिच्यावर एक अट होती: समोर फूटपाथ नाही, तो बिल्डरने स्वतःच्या खर्चाने बांधून द्यायचा. आठ महिन्यांपूर्वी तो बांधून झाला. तेव्हापासून मी आणि आई जवळजवळ रोज सकाळी त्यावरून चालतोय. आई ७४ वर्षांची आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती वॉकर घेऊन चालते, पुढच्या दोन पायांना चाकं असलेला. आपल्या पायाला जे कळत नाही ते त्या चाकांना लगेच कळतं, त्यामुळे हा अनुभव खरं तर चाकांचाच आहे.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच मोठं आहे. पूर्वी आम्ही डांबराच्या कडेने चालायचो. मागून गाडी आली की आई भिंतीला टेकून उभी राहायची, गाडी गेली की पुन्हा पाऊल उचलायची. चालताना ती एक शब्द बोलायची नाही, सगळं लक्ष मागच्या आवाजाकडे. नव्या फूटपाथवर पहिल्या दिवशी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलत होती. मला तो फरक घरी आल्यावर लक्षात आला. अमेरिकेच्या केंद्रीय महामार्ग प्रशासनाने दिलेला आकडा असा आहे की रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यांना होणारे अपघात फूटपाथमुळे ६५ ते ८९ टक्क्यांनी कमी होतात. आईचं बोलणं त्या आकड्यात बसत नाही, पण माझ्यासाठी तो पुरावा तितकाच पक्का आहे.

रुंदी भरपूर आहे, समोरून व्हीलचेअर आली तरी कुणाला खाली उतरावं लागत नाही. दिवे आहेत. सुरुवातीला पेव्हर ब्लॉकही सपाट होते.

आता त्रास. पहिला पार्किंगच्या गेटपाशी. गाड्यांना आत जायला सोपं जावं म्हणून तिथे फूटपाथच खाली आणलाय आणि गेट संपल्यावर पुन्हा वर चढवलाय. मी टेपने मोजलं: १५ सेंटीमीटरचा चढ फक्त ६० सेंटीमीटर लांबीत. व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी १ ला १२ हे प्रमाण सर्रास धरलं जातं, म्हणजे १५ सेंटीमीटर चढायला १ मीटर ८० सेंटीमीटर लांबी हवी. इथे त्याची एक तृतीयांशच मिळाली आहे. उतरताना वॉकर पुढे पळतो, म्हणून तिथे मी समोरून उलटी चालत त्याची दांडी धरते. खरं तर उपाय सोपा होता. फूटपाथ आहे त्याच पातळीवर पुढे न्यायचा आणि गाडीला वर चढायला लावायचं. गाडीला इंजिन असतं.

दुसरी गोष्ट दृष्टिहीनांना पायाने किंवा काठीने वाट कळावी म्हणून बसवलेल्या पिवळ्या, उठाव असलेल्या फरशांची. या फरशा जपानमध्ये सेइइची मियाके यांनी १९६५ साली शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामात दृष्टिहीनांच्या शाळेजवळ पहिल्यांदा बसवल्या. त्यांची भाषा साधी आहे: लांब रेघा म्हणजे पुढे चला, ठिपके म्हणजे थांबा. आमच्याकडे रेघा थेट विजेच्या खांबावर जाऊन आदळतात आणि कोपऱ्यावर, जिथे रस्ता सुरू होतो तिथे, ठिपके नाहीतच. ज्याला दिसत नाही त्याला ही फरशी गाडीसमोर नेऊन सोडते. परवानगीच्या कागदावर ‘स्पर्शदर्शक फरशी’ एवढंच लिहिलेलं असलं की असंच होणार. कुणीतरी डोळे मिटून, काठी घेऊन चालून बघायला हवं होतं, आणि तेही भोगवटा प्रमाणपत्राच्या आधी.

तिसऱ्या महिन्यात, पहिल्या मोठ्या पावसानंतर, पाण्याच्या पाइपसाठी खणलेल्या चराच्या वरचे ब्लॉक खचले. खालची भर नीट ठोकलेली नसणार. एक ब्लॉक चाक आलं की टक् असा वाजायचा. आई त्याला ओळखू लागली होती, “अगं, तो हलता दगड आला का?” असं विचारायची. बिल्डरचं ऑफिस म्हणालं, आम्ही फूटपाथ हस्तांतरित केलाय. पालिकेचं ऑफिस म्हणालं, हस्तांतर अजून झालेलं नाही. तीन अर्ज आणि सात आठवडे गेले तेव्हा पाच ब्लॉक काढून परत बसवले. अटीत ‘बांधा’ एवढंच असून भागत नाही. किमान दोन-तीन वर्षांची देखभाल आणि त्यासाठी अडकवून ठेवलेली अनामत रक्कम, दोन्ही पाहिजेत.

पण हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. मला सगळ्यात जास्त खटकतं ते शेवटचं टोक. इमारतीची हद्द संपते तिथे फूटपाथ सरळ कापल्यासारखा संपतो. पुढे ३५ मीटर मोकळा प्लॉट, गवत, राडारोडा. त्याच्यापुढे जुना फूटपाथ आणि बसथांबा. म्हणजे आम्ही जिथे जायला निघतो तिथे हा फूटपाथ जात नाही.

यावर उत्तर म्हणून बिल्डरलाच सगळं करायला लावा, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ओरेगनमधल्या टायगार्ड शहराने एका दुकानाच्या विस्ताराला परवानगी देताना पायी चालणाऱ्यांच्या आणि सायकलच्या वाटेसाठी जमिनीची पट्टी मागितली. १९९४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की मागणी त्या बांधकामामुळे पडणाऱ्या भाराच्या ढोबळ प्रमाणात हवी, आणि ते शहराने दाखवून द्यायला हवं. अमेरिकेतल्याच नॅशव्हिल शहराचा, फूटपाथ बांधा नाहीतर पैसे भरा असा नियमही २०२३ मध्ये संघीय अपील न्यायालयात टिकला नाही. मला ही कसोटी न्याय्य वाटते. ६० फ्लॅट बांधणारा माणसंही आणतो आणि गाड्याही, त्याच्याकडून फूटपाथ मागणं रास्तच आहे. स्वतःपुरतं एक घर बांधणाऱ्याच्या दारात, दोन्हीकडे कुठेच न जुळणारा दहा मीटरचा तुकडा मागणं रास्त नाही. मधल्या मोकळ्या जागा पालिकेनेच भरायच्या, आणि नव्या तुकड्याबरोबरच भरायच्या. नाहीतर प्रत्येक प्लॉट कधी विकला जाईल याची चालणाऱ्यांनी वाट बघायची का?

गेल्या आठवड्यात त्या मोकळ्या प्लॉटवर बांधकामाची पाटी लागली. मी पालिकेत सूचना दिली आहे: गेटपाशी पातळी सलग ठेवा, कोपऱ्यावर ठिपक्यांची फरशी लावा, दोन्ही बाजूंचे फूटपाथ एका उंचीत जोडा, आणि काम चालू असेपर्यंत पत्र्याच्या बाहेर चालायला कठडा लावलेली तात्पुरती वाट ठेवा. सोबत माझी मोजमापं आणि फोटो जोडलेत. पोच मिळाली आहे. तोवर त्या ३५ मीटरांत आई भिंतीकडून चालते आणि मी रस्त्याकडून. तिथे आमचं बोलणं बंद असतं.