पट्टी किती फुटांची, एवढंच विचारा

१६ मे २०२१ला तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगतून वर सरकलं, त्या दिवशी आमच्या वाडीत फणसाची चार आणि आंब्याची सात झाडं मुळासकट आडवी झाली. मी सुतार, तिसऱ्या पिढीचा. लोक कपाळाला हात लावून बसले होते आणि मी मनातल्या मनात त्या खोडांचे घेर मोजत होतो. सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं. महिनाभरात ते सगळं लाकूड जळाऊच्या भावाने गेलं. ओंडका वाडीतून रस्त्यापर्यंत काढा, टेम्पोत चढवा, वखारीत चिरा, परत आणा, यात लाकडापेक्षा हमालीच जास्त होते. त्यात आमच्या जवळच्या वखारीतला जुना गोल आरा एका चिरेला पाव इंच खातो. इंची फळ्या काढल्या तर दर चार फळ्यांमागे एक फळी भुशात जाते.

तेव्हापासून डोक्यात एकच किडा होता. ओंडका मिलपर्यंत नेण्यापेक्षा मिलच ओंडक्यापाशी न्यायची. अशी यंत्रं असतात. रुळावर सरकणारं डोकं, त्यात दोन चाकांवर फिरणारी सव्वा इंच रुंद करवतीची पट्टी, वर पेट्रोल इंजिन. ओंडका जागेवर पडून राहतो आणि करवत त्याच्यावरून जाते. चीर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. पिकअपच्या मागे जोडून वाडीवाडीत फिरायचं आणि फुटामागे चिराई घ्यायची, असा बेत.

गेल्या वर्षी नेटवर चौकशी टाकली आणि अर्ध्या तासात फोन आला. गोड माणूस. गुजरातेतला पत्ता, हिंदी बोलणं, दर वाक्याला ‘भाईसाब’. यंत्राची किंमत २,३५,००० अधिक जीएसटी. त्याने व्हिडिओ पाठवला. तो मी किमान पन्नास वेळा पाहिला असेन, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

व्हिडिओत कानाला मफ लावलेला एक माणूस ओंडका चिरतोय. फळी अशी सुटते की लोण्यातून दोरा ओढावा. विक्रेता म्हणाला, ‘कराडचे कस्टमर आहेत, आंबा कापतायत.’ आंबा? ओंडका पांढरट पिवळा, वलयं बोटभर रुंद, एका गाठीजवळ डिंकाचा चकाकणारा थेंब. ते पाइन होतं. शाळेतल्या पोरालाही कळेल इतकं पाइन. माणसाच्या मागे टोकदार झाडांची रांग आणि अंगात जाड जाकीट. कराडला! मला हे दिसलं नाही असं नाही. दिसलं, आणि मी स्वतःलाच समजावलं की कंपनीचा व्हिडिओ असेल, बोलताना चुकला असेल. ओंडका विकत घेताना मी बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकतो, टोकाला नाक लावतो. पावणेतीन लाखांचं यंत्र मात्र मोबाइलवर बघून घेतलं.

फसवणुकीची दुसरी खूण याहून मोठी होती. मी विचारलं, ‘पट्टी किती फुटांची?’ तो म्हणाला, ‘जितनी चाहिए उतनी मिल जाएगी.’ मला वाटलं, काय सेवा आहे! आता ऐका. पट्टीची लांबी गिऱ्हाईक ठरवत नाही, यंत्र ठरवतं. दोन चाकांचा घेर आणि त्यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं, त्यात एकच लांबी बसते. यंत्र विकणाऱ्याला हा आकडा झोपेतही सांगता यायला हवा, कारण पुढची दहा वर्षं तो त्याच पट्ट्या विकणार असतो. मी फणसाचा चीक पट्टीला चिकटतो त्याचं काय, असंही विचारलं होतं. खरा विक्रेता पाण्याची धार सोडायला सांगेल, त्या टाकीची जागा दाखवेल. हा म्हणाला, ‘सब कटता है, भाईसाब.’

मग पैसे. निम्मे आगाऊ, १,१७,५००. बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या. खातं कंपनीचं नव्हतं, कुणा माणसाचं बचत खातं होतं. ‘करंट अकाउंटचं ऑडिट चालू आहे, हे आमच्या अकाउंटंटचं.’ आठवड्याने ‘माल तयार आहे, जीएसटी भरल्याशिवाय गाडी निघत नाही’ म्हणून ४२,३००. मग गाडीभाडं १४,०००. प्रत्येक वेळी आधीचे पैसे वाचवायला पुढचे द्यायचे, हा खेळ. पत्ते खेळणाऱ्याला कळतं, सुताराला कळत नाही.

मधल्या काळात मी वनखात्याच्या कार्यालयात गेलो होतो, शेजाऱ्यांचा एक वाळका फणस तोडायच्या परवानगीसाठी. १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत फणस आहे, आंबाही आहे, त्यामुळे झाड स्वतःच्या परड्यात असलं तरी विचारावं लागतं. बोलता बोलता मी यंत्राचं सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ‘गोल लाकूड चिरणार? मग ती सॉ मिलच झाली. चाकं लावली म्हणून काय? परवाना कुठाय?’ २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने नव्या आरागिरण्यांवर बंधन आणलं, आणि आता २०१६च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे राज्यस्तरीय समितीकडून परवाना मिळवावा लागतो. हे मला त्या खुर्चीत बसून कळलं. म्हणजे यंत्र खरोखर आलं असतं, तर पहिल्याच ओंडक्याला मी गुन्हेगार ठरलो असतो.

मी तिथूनच विक्रेत्याला फोन लावला. हा अजिबात गडबडला नाही. ‘पोर्टेबल को लायसन्स नहीं लगता. सर्टिफिकेट देता हूँ, पच्चीस हजार.’ संध्याकाळी सर्टिफिकेटचा नमुना आलाही. वर चार सिंह, खाली ‘भारतीय वन विभाग, गुजरात’. वनखातं राज्याचं असतं, दिल्लीत असतं ते मंत्रालय. हे भारतीय वन विभाग कुठून आलं?

पोरगा कॉलेजातून घरी आला होता. त्याने माझ्या हातातून पहिलं बिल घेतलं. ‘बाबानू, हो नंबर तपासलात काय?’ जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर बिलावरचा जीएसटी नंबर टाकला की धंद्याचं नाव येतं, पैसे पडत नाहीत, लॉगिनही लागत नाही. नाव आलं ते एका कापड दुकानाचं. शिवाय नंबराची सुरुवात ०७ने. ते दिल्लीचे आकडे, गुजरातचे २४, आपले २७. आमच्या कर सल्लागारांनी दुसऱ्या दिवशी तेच बिल बघून हसत आणखी एक दाखवलं. गुजरातहून महाराष्ट्रात माल येत असेल तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर लागतो, या बिलावर मात्र एकाच राज्यातल्या विक्रीचे सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ टक्के. ‘चोराला बिल लिहिताही येत नाही,’ म्हणाले. त्यांना हसू येत होतं. बायको फक्त एवढंच म्हणाली, ‘तुमका लाकूड कळता, माणूस कळणा नाय.’

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला तेव्हा पहिला हप्ता जाऊन महिना होत आला होता. तो कधीच पुढच्या खात्यात, तिथून आणखी कुठे गेला होता. गाडीभाड्याचे १४,००० मात्र दोनच दिवसांपूर्वी गेले होते, त्यातले ११,२०० एका खात्यात गोठवले गेले. ते परत मिळवायला न्यायालयात अर्ज केलाय, त्याच्या तारखा चालू आहेत. पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी तक्रार नीट लिहून घेतली. म्हणाले, ‘पैसे गेल्यावर पहिल्या तासात फोन केला असता तर बरीच रक्कम अडवता आली असती.’ म्हणून नंबर पाठ करा, फोनमध्ये सेव्ह करून भागत नाही. त्या वेळी हात थरथरत असतात. व्हॉट्सअ‍ॅपचं बोलणं डिलीट करू नका. मी रागात अर्धं पुसलं होतं.

परवान्याचा अर्ज मी तरीही केलाय. ते वेगळं पुराण आहे.

परवा वैभववाडीकडच्या एका सुतारबंधूंचा फोन आला. त्यांना तोच व्हिडिओ आला होता, तोच जाकीटवाला, कंपनीचं नाव नवं. या वेळी तो ‘कोल्हापूरचे कस्टमर, साग कापतायत’ झाला होता. पाइनचा आंबा, आंब्याचा साग. मी म्हटलं, काही बोलू नका, फक्त पट्टी किती फुटांची ते विचारा आणि मला सांगा. दहा मिनिटांनी त्यांचा मेसेज आला. त्याने उत्तर दिलं होतं, ‘आप बोलो, कितनी चाहिए?’