कथकचं एम. ए. : तीन सत्रं झाल्यावर

प्रवेश घेण्याआधी मला कोणी सांगायला हवं होतं ते आधी लिहिते. नृत्याचं कॉलेज निवडताना दोन गोष्टी विचारा: आठवड्यात किती तास तबल्याची आणि लेहऱ्याची (तालाचं आवर्तन दाखवणारी, फिरून फिरून वाजणारी धून) प्रत्यक्ष साथ मिळते, आणि नाचायची जमीन कसली आहे. बाकीचं बरंच पुढे कुठे ना कुठे मिळवता येतं.

मी साताऱ्याची. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या नृत्याच्या परीक्षा प्रारंभिकपासून एकेक देत विशारद पूर्ण केलं, त्यातच बी. कॉम. झालं, आणि मग पुण्यात कथकच्या एम. ए.ला आले. तीन सत्रं झाली, चौथं सुरू आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही. तक्रारी आहेत, त्या इथल्या कथक शिकवणाऱ्या ताईंना समोर बसून सांगून झाल्या आहेत.

पहिल्या आठवड्यातला एक दिवस अजून जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे. तबल्याचे सर बसले होते, पेटीवर दुसऱ्या वर्षातला एक मुलगा लेहरा धरून होता. ताई म्हणाल्या, "थाट कर. लय दे." थाट म्हणजे सुरुवातीचा संथ लयीतला भाग, आणि लय द्यायची म्हणजे किती वेगात वाजवायचं ते टाळीने दाखवायचं. मी नुसतीच उभी राहिले. बारा वर्षं नाचत होते, पण लय मी कधी दिलीच नव्हती. घरी मोबाईलवरच्या लेहऱ्यात लयीचा आकडा टाकायचा, वाजायला लागलं की सुरू करायचं. परीक्षेतही साथीदारांची गाठ दहा मिनिटं आधी पडायची आणि लय आमच्या क्लासच्या ताई द्यायच्या. त्या दिवशी टाळी वाजवून मी जी लय दिली ती थाटासाठी इतकी चढी होती, की त्यानंतरच्या आमदपर्यंत पोचेतो माझा श्वास पुरेना. सरांनी थांबवलं नाही, लय उतरवलीही नाही. सगळं तसंच वाजवलं. नंतर एवढंच म्हणाले, "तू मागितलंस ते दिलं."

आम्हाला आठवड्यातून पाच दिवस, रोज दोन तास प्रत्यक्ष साथ मिळते. मोबाईलचा लेहरा माझ्या चुका पोटात घालतो. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मी अर्धी मात्रा उशिरा आले तरी तो त्याच्या वाटेने पुढे जातो आणि मला वाटतं, जमलं. समोर बसलेला माणूस माझ्या पायाकडे बघत असतो. दमदार तिहाईत (एकच तुकडा तीनदा करून समेवर येणं) दोन तुकड्यांमधला दम, म्हणजे थांबा, मी नीट राखला नाही, तर त्याचा हात हवेत थांबतो आणि ते आख्ख्या हॉलला दिसतं. पढंतही, म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हणणं, तेव्हाच समजली. तोवर बोल म्हणजे पाठ करून म्हणायची गोष्ट होती. इथे कळलं की पढंत ही वाजवणाऱ्याला दिलेली खबर आहे. तुकडा कुठून उठणार, कुठे वजन पडणार, तिहाई बेदम (मध्ये न थांबता) की दमदार, हे तोंडून स्पष्ट गेलं नाही तर तो काय वाजवणार?

धमार मी इथेच खरा शिकले. तीनतालाच्या १६ मात्रांची सवय झालेल्या शरीराला १४ मात्रा नुसत्या मोजून पेलत नाहीत. ५-२-३-४ ही त्याची चाल अंगात उतरायला मला एक सत्र गेलं, आणि ती उतरली ठेका ऐकून, वहीतून नव्हे.

शास्त्राचा भाग ठीक आहे. नाट्यशास्त्र, अभिनयदर्पण, घराणी, ताललिपी, सगळं येतं आणि परीक्षेत लिहावं लागतं. अभिनयाला मात्र वेळ फार कमी मिळतो. एका ठुमरीवर जेमतेम सहा तास झाले. एका ओळीचे भाव नाना परींनी करून बघायला ते कसे पुरणार?

आता जमिनीबद्दल. आमच्याकडे दोन हॉल आहेत. मोठ्याला लाकडी जमीन, छोट्याला काँक्रीटवर थेट बसवलेली शहाबादी फरशी. दुसऱ्या सत्रात मोठ्या हॉलचं काम निघालं आणि चार महिने आम्ही छोट्यात ततकार (पायाच्या ठोक्यांचं काम) केली. तिसऱ्या महिन्यात माझी डावी नडगी दुखायला लागली. आधी फक्त चौपटीला, म्हणजे चौपट वेगात, दुखायची, मग जिना उतरतानाही. मी गप्प राहिले, कारण रियाजात पाय दुखतातच असं लहानपणापासून ऐकलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, हाडावर ताण आहे, भेग नाही. तीन आठवडे ततकार बंद. लाकडाखाली थोडी पोकळी असेल तर पाऊल आपटल्याचा काही भार जमीन घेते. फरशी काहीच घेत नाही, तो सगळा परत नडगीत, गुडघ्यात आणि कंबरेत येतो. पायाला शंभर-शंभर घुंगरू बांधून रोज दोन तास नाचणाऱ्या मुलींना हे पहिल्या दिवशी सांगायला हवं. पोटऱ्यांचे आणि तोल सांभाळण्याचे जे व्यायाम मला फिजिओथेरपिस्टने शिकवले, ते अभ्यासक्रमात कुठेच नाहीत. शरीर हेच ज्यांचं वाद्य, त्यांच्या कॉलेजात त्या शरीराबद्दल एक तासही नसावा, याचं मला खरंच वाईट वाटतं. ते तीन आठवडे मी तबल्याशेजारी बसून नुसती पढंत केली. माझी पढंत सुधारली ती तेव्हाच.

पहिल्या वर्षी ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग असतं, म्हणजे १२० तास. मी ते एका शाळेत केलं. पाचवी ते सातवीची चाळीस मुलं, हॉल नाही, व्हरांड्यात ततकार. तिथे मुलांना हातावर तीनताल धरायला शिकवताना माझाच ताल पक्का झाला. पालकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा दहावीच्या वाढीव गुणांचा असायचा. मला त्याचा राग येत नाही. त्या निमित्ताने का होईना, मूल नाचायला येतं. पण पुढे क्लास काढायचा असेल तर दहावीनंतर वर्ग रिकामा होतो, हे हिशेबात धरावं लागतं.

आणि क्लास हाच आमच्यातल्या बहुतेकींचा पोटापाण्याचा मार्ग असणार आहे. रोहिणीताई भाट्यांनी १९४७ साली नृत्यभारती सुरू केली, तेव्हापासून पुण्यात शिष्यांच्या शिष्या तयार होत आल्या. त्यामुळे इथे कथक बघणारा जाणता प्रेक्षक आहे, चांगले साथीदार आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक पेठेत एक क्लासही आहे. नवीन मुलीने इथेच पाय रोवायचे की आपल्या गावी जायचं? मी साताऱ्याला परतायचं ठरवलं आहे.

नोकरीसाठी नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा आहे. कॉलेजात शिकवायचं तर एम. ए.ला ५५ टक्के हवेत. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. तिची वयोमर्यादा १८ ते २५ आहे. मला हे एका सीनियरने सांगितलं तेव्हा मी चोविशीत होते. वर्गात हा विषय कधी निघालाच नव्हता.

मला सगळ्यात जास्त खुपलं ते पुढचं. मागच्या गणेशोत्सवात एका सोसायटीने कार्यक्रमाला बोलावलं. मानधन विचारलं तर मी "तुम्ही द्याल ते" म्हणाले. त्यांनी २,५०० दिले. तेवढ्यात तबला, लेहरा, गाणं आणि पढंत अशी चार माणसं कशी आणणार? मी रेकॉर्डिंगवर नाचले. वर्षभर रोज जी गोष्ट कॉलेजने अंगात मुरवली, तीच पहिल्या कमाईच्या कार्यक्रमात सोडावी लागली. साथीदारांचं मानधन वेगळं मागायचं असतं, ते आधी ठरवून घ्यायचं असतं, येण्याजाण्याचा खर्च कोणाचा हे बोलून ठेवायचं असतं, हे कोणीतरी एक तास बसून सांगितलं असतं तर पुरलं असतं. मी हे ताईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि या सत्रात तबल्याच्या सरांनी आमच्याबरोबर बसून एका कार्यक्रमाचा पूर्ण हिशेब मांडून दाखवला.

आता आम्ही चौघी आणि तबल्याचे दोन विद्यार्थी मिळून महिन्यातून एकदा एका मैत्रिणीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक करतो. तीस-चाळीस माणसं येतात, सतरंजीवर बसतात. जमलेले पैसे सहा जणांत सारखे वाटतो. फार होत नाहीत, पण रेकॉर्डिंग लागत नाही.

कोणी घ्यावं हे एम. ए.? ज्यांचं विशारद झालं आहे, पाय तयार आहेत, पण साथीदारासमोर नाचायची सवय नाही, त्यांनी जरूर. नुसतं प्रमाणपत्र हवं असेल तर दोन वर्षं आणि पुण्यातल्या खोलीचं भाडं जड जाईल. प्रवेशाच्या चाचणीला जाल तेव्हा काम झाल्यावर सगळे हॉल दाखवायला सांगा. छोटासुद्धा. चपला काढून चार पावलं आपटून बघा, आणि तबल्याचे सर आठवड्यातून किती दिवस येतात हे ऑफिसात न विचारता दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा.