ठाण्यात काढलेलं जर्मनीचं तिकीट

माझ्या वयाच्या, मुलांकडे किंवा मैत्रिणींकडे एकट्यानं परदेशी जाणाऱ्या बायका आता ठाण्यात घरटी एक तरी सापडेल. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

माझी शाळेपासूनची मैत्रीण न्यूर्नबर्गला मुलाकडे असते. मे महिन्यात तिच्याकडे आठ दिवस राहून आले. विमान फ्रँकफर्टहून होतं. जाताना तिचा मुलगा विमानतळावर घ्यायला आला होता, पण परतीच्या दिवशी त्याला सुट्टी नव्हती. म्हणून न्यूर्नबर्ग ते फ्रँकफर्ट विमानतळ हे रेल्वेचं तिकीट मी फेब्रुवारीतच, इथूनच काढून ठेवलं.

विमानाचं तिकीट आणि व्हिसाचे कागद ज्यानं केले, तोच नौपाड्यातला एजंट. शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तोही त्यानं चोख करून दिला होता. म्हणूनच विश्वास बसला. "काकू, रेल्वेचंही आपणच करून टाकू, तिकडे ऐनवेळी महाग पडतं," म्हणाला. महाग पडतं हे काही खोटं नाही. साडेनऊ हजार रुपये मी त्याच्या सांगण्यावरून ऑफिसच्या खात्यावर नाही, त्याच्या स्वतःच्या नंबरवर यूपीआयनं पाठवले. पावती मागितली, तर "नंतर एकत्रच देतो" म्हणाला. तिथेच थांबायला हवं होतं.

मला मिळाला तो एक छापील कागद. माझं नाव पासपोर्टप्रमाणे, गाडीची वेळ, डबा, सीट आणि चौकोनी कोड. फक्त वरची दोन बोटं पट्टी कात्रीनं कापलेली होती, कडा किंचित वाकडी. मला वाटलं, फाइलमध्ये बसावा म्हणून कापला असेल. त्या पट्टीवर बुकिंगचा नंबर असतो, हे मला नंतर कळलं.

जर्मनीत स्टेशनवर फाटक नसतं. तिकीट न दाखवता थेट फलाटावर जाता येतं आणि गाडीत बसता येतं. त्यामुळे खोटं उघड व्हायचं ते चालत्या गाडीतच. मैत्रीण फलाटापर्यंत आली, दशम्यांचा डबा हातात दिला, गाडी हलेपर्यंत काचेला हात लावून उभी राहिली. वुर्ट्झबर्ग गेलं आणि तपासनीस बाई आल्या. त्यांनी कोडवर यंत्र धरलं. पुन्हा धरलं. मग यंत्र माझ्याकडे वळवून पडद्यावरच्या एका शब्दावर बोट ठेवलं. मला तो वाचता येईना. मैत्रिणीला फोन लावून त्यांच्याच हातात दिला. दोघी बोलल्या. मग मैत्रीण हळूच म्हणाली, "अगं, हे तिकीट रद्द केलेलं आहे."

त्या बाई उद्धट नव्हत्या, पण नियम नियम असतो. विनातिकीट प्रवासाला तिथे भाड्याच्या दुप्पट, कमीत कमी 60 युरो पडतात. माझ्या पासपोर्टवरून त्यांनी नाव लिहून घेतलं आणि चिठ्ठी दिली. आजूबाजूचे लोक बघत होते. 30 वर्षं नोकरीसाठी ठाणे ते सीएसएमटी पास काढून प्रवास केला, एकदाही विनातिकीट नाही. त्या अर्ध्या तासात दशमी घशाखाली उतरली नाही. पैसे नंतर मैत्रिणीच्या मुलानं तिथून भरले.

त्यानंच मग सगळं उलगडून सांगितलं. तिथे पूर्ण दराचं एक तिकीट असतं, जे प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येतं. एजंट ते खरोखरच काढतो. त्यामुळे कोड खरा, नाव खरं. छापून तुमच्या हातात दिलं की तो ते आपल्या खात्यातून रद्द करतो आणि परतावा ज्या कार्डानं पैसे भरले त्यावर, म्हणजे त्याच्याच कार्डावर जातो. तुमच्या हातात उरतो तो कागद.

परत आल्यावर ऑफिसात गेले तर "काकू, सिस्टीमची चूक आहे" इतकंच उत्तर. फसवणुकीनंतर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला तर पैसे पुढे जायच्या आत अडवता येऊ शकतात; माझे तर तीन महिन्यांपूर्वीच गेले होते. तरी सायबर तक्रार केली, पोलीस ठाण्यात अर्ज दिला आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. रक्कम लहान म्हणून सोडून देऊ नका. माझ्यामागे त्याच्याकडे आणखी किती जणी गेल्या असतील, या विचारानंच मला झोप येत नाही.

कोकणात जाताना मी पीएनआर चार-चार वेळा बघते. जर्मनीतही तसंच असतं. बुकिंगचा नंबर आणि आडनाव घातलं की रेल्वेच्या स्वतःच्या ॲपमध्ये तिकीट दिसतं. शक्य असेल तर तिकीट भाच्याला, मुलीला, कुणाला तरी शेजारी बसवून आपल्याच खात्यातून काढा. एजंटकडून घेतलंच, तर मिळाल्या दिवशी एकदा आणि निघायच्या आदल्या रात्री पुन्हा एकदा तपासा, कारण रद्द तो मधल्या दिवसांत कधीही करू शकतो.

ज्यांच्याकडे असा कागद आत्ता असेल, त्यांनी आज रात्रीच नंबर घालून बघा. कागदावर नंबरच नसेल, तर उद्या सकाळी एजंटचं ऑफिस उघडायच्या आधी तिथे जाऊन उभ्या राहा.