एमिनेमचा 'कामिकाझे': कित्येक महिने ऐकल्यावर

रिचार्जच्या पॅकबरोबर मिळालेलं गाण्याच्या ॲपचं पेड व्हर्जन संपलं. आता मधे जाहिराती, गाणी क्रमानं वाजत नाहीत आणि स्किप मारायला पण मर्यादा. वेगळे पैसे मी भरणार नाही, महिन्याच्या रिचार्जला आधीच भरपूर जातात. पण झालं असं की अमेरिकन रॅपर एमिनेमच्या 'कामिकाझे' या अल्बममधला त्याच्या मॅनेजरचा, पॉलचा व्हॉइसमेल, जो मी इतके महिने सुरू झाला की लगेच पुढं ढकलायचो, तो आता पुरा ऐकावा लागतोय आणि त्यामुळं या अल्बमबद्दलचं माझं मत बरंच हललंय, म्हणून हे लिहितोय.

मी सोलापूर ते अक्कलकोट एसटीनं अप-डाउन करतो. १३ ट्रॅक, पाऊण तास, म्हणजे कुंभारीच्या आधी लावला तर अक्कलकोट यायच्या आत संपतो. कोण कोण आहे, बीट कुणाचे, हे तुम्हाला माहीतच असणार, ते परत सांगत बसत नाही.

याच्या आधीचा त्याचा अल्बम 'रिव्हायव्हल' डिसेंबर २०१७चा. १९ ट्रॅक, सव्वा तासाच्या वर. बियॉन्से, एड शीरन, पिंक, अलिशिया कीज, सगळी मोठी माणसं बोलावली आणि प्रत्येक गाण्यात हा कुठं तापायला लागला की कोरसवाले येऊन सगळं थंड करून टाकतात. अमेरिकेत नंबर एकला गेला तरी लोकांनी धू धू धुतला, आणि माझ्या मते बरोबर धुतला, सव्वा तास म्हणजे काय कमी वेळ आहे का. मग साडेआठ महिन्यांत, ३१ ऑगस्ट २०१८ला, काही गाजावाजा न करता यानं 'कामिकाझे' टाकला. कव्हरवर विमानाची शेपटी, बीस्टी बॉईज या रॅप ग्रुपच्या १९८६च्या अल्बमला सलाम म्हणून.

पहिले काही आठवडे मी पार वेडा झालो होतो. 'द रिंगर' सुरू झालं की मागच्या अल्बमला नावं ठेवणारे, टीव्हीवर बोलणारे, पुटपुटत रॅप करणारी नवीन पोरं, एकेकाला धरून धरून झोडतो. 'लकी यू'मध्ये जॉयनर लुकस आधी येऊन एवढा फास्ट मारतो की वाटतं आता याच्यानंतर कोण काय करणार, आणि मग हा येतो आणि अजून वर नेतो. शब्द कळायला मला लिरिक्स समोर ठेवून हळूहळू ऐकावं लागलं पण एकदा कळलं की एकाच शब्दाची यमकं कुठं कुठं लपवलीत ते सापडत जातं आणि लई मजा येते. 'नॉट अलाइक'मध्ये रॉइस द फाइव्ह नाइनबरोबर तो नवीन पोरांचीच चाल घेऊन त्यांनाच वाजवतो. त्यातच मशीन गन केली या रॅपरला चिमटा काढला, त्यानं 'रॅप डेव्हिल' टाकलं, यानं सप्टेंबरमध्येच 'किलशॉट' टाकून परत फेडलं.

शाहीर रामजोशींच्या गावात राहणाऱ्याला हे समजवून सांगायची गरज नाही. कलगी-तुऱ्यात असंच असतं, सवाल आला की जवाब आलाच पाहिजे. पण तिथं समोर फड असतो, तोडीचा शाहीर असतो, त्याला पण परत उभं राहायची संधी असते. इथं हा जगातल्या सगळ्यात मोठ्या रॅपरांपैकी एक, आणि जवाब कुणाला देतोय तर नेटवर दोन ओळी खरडणाऱ्याला.

आता पॉलचं. पॉल म्हणजे पॉल रोझेनबर्ग, त्याचा मॅनेजर, असे फोन जुन्या अल्बमपासून असतात. इथं तो म्हणतो की अल्बम ऐकला, पण तुझं काम आवडलं नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाला तू खरंच उत्तर देणार आहेस का, मला हे काही बरं वाटत नाही, मग पुढं काय, या उत्तराच्या अल्बमला नावं ठेवणाऱ्यांना उत्तर द्यायला अजून एक अल्बम का. एवढंच, मिनिटभर पण नाही. नंतर एका स्किटमध्ये, म्हणजे गाण्यांच्या मधल्या बोलण्याच्या तुकड्यात, एमिनेम गाडी चालवत त्याला उलटा फोन करतो, आणि निघालाय कुठं तर नेटवर वाईट लिहिणाऱ्या एका माणसाच्या घरी. माझ्या फुकटच्या व्हर्जनमध्ये बऱ्याचदा दुसरा फोन आधी येतो आणि पहिला शेवटी, म्हणजे आधी हा निघतो आणि मग पॉल त्याला जाऊ नको म्हणतो. शेजारच्या सीटवरचा मित्र एक दिवस म्हणाला, "काय बे, गाणं सोडून फोन काय ऐकलालास?"

पण तो फोन रोज कानावर पडून पडून मला वाटायला लागलंय की अख्ख्या अल्बमची खरी तक्रार त्यातच आहे आणि ती एमिनेमनं स्वतःच आत ठेवलीय. म्हणजे त्याला माहीत होतं. माहीत असून केलं. सुरुवातीला जी गाणी मी सगळ्यात जास्त लावायचो, 'द ग्रेटेस्ट', 'फॉल', ती आता उतरायला लागलीत. 'फॉल'मध्ये तर टायलर द क्रिएटर या रॅपरवर जो घाणेरडा शब्द वापरलाय तो मला पहिल्यापासून आवडला नव्हता, एवढी भाषा येणाऱ्या माणसाला तो शब्द लागतो कशाला. त्या गाण्यातला कोरस ज्याचा आहे त्या जस्टिन व्हर्ननने पण अंग काढून घेतलं, आणि एमिनेम स्वतः नंतर मुलाखतीत म्हणाला की जरा जास्तच झालं. राग बाजूला ठेवला तर तिथं उरतं फारच थोडं.

'नाइस गाय' आणि 'गुड गाय', दोन्ही जेसी रेयेझबरोबरची, मला कधीच पटली नाहीत, एक पुरलं असतं. 'व्हेनम' सिनेमासाठीचं आहे, तसंच वाटतं.

आणि 'स्टेपिंग स्टोन'. सुरुवातीला मी हे पण ढकलायचो, खोटं कशाला सांगू, संथ वाटायचं. हे डी१२बद्दल आहे, त्याच्या डेट्रॉइटच्या जुन्या पोरांचा ग्रुप, ज्यातला प्रूफ २००६मध्ये गोळी लागून गेला. प्रूफ गेल्यावर ग्रुप कसा विस्कटला, याला एकट्याला यश मिळत गेलं आणि बाकीचे मागं राहिले, ते मागं राहिले त्यात आपला वाटा किती, आणि ग्रुप आता संपला, माफ करा, असं सरळ सांगतो. कुणाला मारत नाही, कुणाची नक्कल नाही. वळसंगच्या अलीकडे एकदा हे लागलं, त्या दिवशीच्या स्किपा संपल्या होत्या म्हणून ऐकत बसलो, आणि गळ्याशी आलं. आमच्या पण इंजिनिअरिंगच्या ग्रुपमधली चार पोरं पुण्याला गेली, दोघं इथंच राहिली, फोन करायचं कुणी आधी थांबवलं ते आता कुणी सांगू शकत नाही. बाकी अल्बमभर तो जगाला जाब विचारतोय, इथं तेवढा स्वतःला विचारतो. माझ्या हिशेबानं कमबॅक म्हणायचं तर या एका गाण्याला म्हणावं.

'रिव्हायव्हल'पेक्षा कितीतरी चांगला आहे, यात वादच नाही. छोटा आहे, फापटपसारा नाही, गडी फॉर्मात आहे. नवीन ऐकणाऱ्यानं 'लकी यू'पासून सुरू करावं, मग 'द रिंगर', मग 'स्टेपिंग स्टोन', आणि पॉलचा फोन एकदा तरी पुरा ऐकावा. 'गुड गाय'वर एक स्किप खर्च झाली तरी चालेल. पेड घ्यायच्या लायकीचा आहे का असं कुणी विचारलं तर या एका अल्बमसाठी नाही, तेवढ्यात महिनाभराचा सकाळचा चहा होतो.