बंदुकीचा कायदा बदलायचा, पण कुणी? आमदारांनी की थेट मतदारांनी?

अमेरिकेत बंदुकांचे बरेचसे नियम राज्यं ठरवतात. काही राज्यांत त्यासाठी दोन वाटा आहेत: विधिमंडळात विधेयक, किंवा सह्या गोळा करून थेट मतदान.

पहिल्या वाटेचं उदाहरण फ्लोरिडाचं. 14 फेब्रुवारी 2018 ला पार्कलंडच्या शाळेत गोळीबारात 17 जण गेले आणि 9 मार्चला नव्या विधेयकावर राज्यपालांची सही झालीसुद्धा. बंदूक खरेदीचं किमान वय 21 झालं, धोकादायक व्यक्तीची शस्त्रं कोर्टाच्या आदेशाने काढून घेण्याची सोय झाली. पण राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, मतं पडली 20 विरुद्ध 18! एवढ्या काठावरच्या गणितात देवाणघेवाण आलीच. शाळेतल्या काही कर्मचाऱ्यांना शस्त्र देण्याची तरतूदही त्याच विधेयकात बसली.

दुसरी वाट नेवाडाची. 2016 मध्ये मतदारांनी खासगी विक्रीतही खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासण्याचा प्रस्ताव मंजूर केला, दहा हजारांहून कमी मतांच्या फरकाने. मसुद्यात ही तपासणी एफबीआयवर, म्हणजे केंद्राच्या तपास यंत्रणेवर टाकलेली. एफबीआयने सरळ नकार दिला. कायदा पुस्तकात, अंमल शून्य! शेवटी 2019 मध्ये विधिमंडळानेच नवा कायदा करून घोळ निस्तरला.

मतपत्रिकेवर फक्त हो किंवा नाही. मधली ओळ खोडून सुधारता येत नाही. समितीत निदान कुणीतरी विचारतं, ‘हे करणार कोण?’ म्हणून माझा कल विधिमंडळाकडे. अर्थात आमदार वर्षानुवर्षं विषयाला हातच लावत नसतील, तर सह्या गोळा करण्यावाचून लोकांपुढे उरतं काय?